उगाळलेलं नाणं

जरीपटका, नागपूर
१९ जानेवारी २०२५

चि. भावनास आजीचा जयभीम, आणि पाठीत एक धपाटा. जयभीम आज घे, धपाटा उन्हाळ्यात घरी येशील तेव्हा.

तू पुण्याले गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाळघुटीचा डबा उघडला. सहाण होती, वेखंड होतं, हळकुंड होतं, नाणं नव्हतं. नाण्याच्या जागी घडी घातलेला कागद. मले वाटलं औषधाची पुडी असेल. उघडली तर आत काहीच नाही, नुसतं लिहिलेलं. म्हणजे तू माझ्यासाठी चिठ्ठी ठेवून गेली. सत्त्याहत्तर वर्षांत मी एक अक्षर ओळखलं नाही, हे तुले लहानपणापासून माहीत आहे, तरी एवढी शिकलेली नात मले चिठ्ठी ठेवते. न्यायचं होतं तर तोंडानं सांगून न्यावं, वं.

शेजारच्या धम्मानंद गुरुजींनी ती वाचून दाखवली. नाणं फार जुनं वाटतं, त्यावर ग्रीक अक्षरं आहेत, सरांना दाखवून परत आणते, असं काही होतं त्यात. हे पत्रही गुरुजीच लिहून राहिले. शाळेतून रिटायर होऊन वीस वर्षं झाली, पण हात अजून फळ्यावर असल्यासारखा चालतो. मी ‘मले’ म्हणाली की ते ‘मला’ लिहायले जातात. मी सांगून ठेवलं आहे, चहा माझा तर बोलीही माझी.

फोन मी सोडला हे तुले ठाऊक आहे. उजवा कान गेला, डाव्यात तुझं बोलणं म्हणजे कढईत फोडणी पडल्यासारखं येतं. तेव्हा तू लिहीत जा, गुरुजी डाव्या कानापाशी बसून वाचतील. अर्ध्या मोहल्ल्याले ऐकू जाईल, म्हणून लाजेचं काही लिहू नको.

आता कामाचं. नाणं खरं की खोटं हे तुझे सर सांगणार म्हणे. तर माझं एक ऐक. ते खोटं निघू दे. त्यांच्या हातात असेल तेवढं त्यांनी करावं. नाणं खोटं निघालं तर तुझे आजोबा खरे ठरतात. खरं निघालं तर मग मले बसून विचार करावा लागेल, आणि या वयात मले विचार करायचा फार कंटाळा येतो.

तुझी आजी
(अक्षर धम्मानंद गुरुजींचं)


पुणे
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय आजी,

चिठ्ठीचं चुकलंच. तुला उठवायला नको म्हणून पहाटे ठेवून निघाले आणि रेल्वेत बसल्यावर लक्षात आलं की मी कोणाला काय लिहून आले. धपाटा कबूल.

नाण्याबद्दल सांगते. गुरुजी, हे जरा हळू वाचा. ते चांदीचं आहे. दोन हजार एकशे वर्षांहून जुनं असावं, म्हणजे खरं असेल तर. तेव्हा आपल्या देशाच्या वायव्येला ग्रीक वंशाचे राजे होते. त्यांच्यातल्या अपलदत नावाच्या राजाचं हे नाणं आहे. चौकोनाच्या एका बाजूला हत्ती आहे, दुसऱ्या बाजूला बैल. हत्तीच्या बाजूला ग्रीक अक्षरं आहेत. बैलाच्या बाजूला खरोष्ठी नावाची आपल्याकडची जुनी लिपी आहे, ती उजवीकडून डावीकडे वाचतात. तिथे लिहिलंय, ‘महाराजस अपलदतस त्रतरस’. त्राता म्हणजे तारणारा. मी हे स्वतः वाचलं, आजी. भिंग धरून पूर्ण दुपार लागली.

पण सुमंत सरांना संशय आहे. हे आमचे नाण्यांचे शिक्षक, आयुष्यभर नाणी तोलत आलेले. ते म्हणतात, अशी नाणी साधारण अडीच ग्रॅमच्या आतबाहेर भरतात. आपलं भरलं दोन पूर्णांक सतरा. एवढी तूट चांगली नाही. शिवाय ते फार चमकतं. इतकं जुनं चांदीचं नाणं काळवंडलेलं असतं, आणि आपलं कालच ओतल्यासारखं दिसतं. या राजांच्या नाण्यांच्या नकला पुष्कळ फिरतात. खऱ्या नाण्याचा साचा घेऊन त्यात चांदी ओततात. सर म्हणाले, ‘बनावट असण्याकडे माझा कल आहे, पण अजून पाहू.’

म्हणजे तुझ्या मनासारखं होतंय. मला मात्र वाईट वाटलं. बाबांना फोनवर विचारलं तर ते म्हणाले, नाणं आजीच्या डब्यात असायचं, बाकी आपल्याला माहीत नाही. आजोबा खरे ठरतात म्हणजे काय? ते खोटे कधी होते?

तुझी,
भावना


जरीपटका, नागपूर
२० फेब्रुवारी २०२५

चि. भावनास आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुरुजींनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मी सांगितलं म्हणून नाही, त्यांनाच खरोष्ठीचं अप्रूप वाटलं म्हणून. त्या राजाचं मले हसू आलं. आपलं नाव राहावं म्हणून दोन-दोन लिप्यांत कोरून घेतलं, आणि आज ते वाचणारी माणसं एका खोलीत मावतील. शेवटी अक्षरं असून तोही माझ्याच पाटावर येऊन बसला.

चमकते काहून म्हणून तुझे सर विचारतात. चमकणार नाही तर काय. डबा उघडला की दर खेपेले मी ते चिंचेनं आणि राखेनं घासते. भांडं काळं ठेवणारी बाई आणि नाणं काळं ठेवणारी बाई, दोघींत मले फरक वाटत नाही. पण तू हे सरांना सांगू नको. बनावट म्हणतात तर म्हणू दे.

तू विचारलं म्हणून आता सांगते. तुझ्या बापाले, अंकुशले, मी हे कधी सांगितलं नाही. त्याले वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

आपलं गाव पारशिवनीच्या पलीकडे. गावामागे पांढरी आहे, जुन्या वस्तीची टेकडी, पाऊस पडला की तिच्यातून खापऱ्या वाहत येतात. अडुसष्ट सालच्या हिवाळ्यात तिथे सरकारी लोक खोदकाम करायले आले. गावातल्या तीस माणसांना काम लागलं. त्यात तुझे आजोबा लहानू आणि त्यांचा धाकटा भाऊ गोविंदा. अंकुश तेव्हा तीन महिन्यांचा. माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं आणि ज्या दिवशी हे घडलं त्याच दिवशी दुपारी मी त्याले घेऊन सासरी परत आली होती.

संध्याकाळी तुझे आजोबा कामावरून आले. मुठीत हे नाणं होतं. ते त्यांनी आपल्या मायजवळ दिलं. सासूनं सहाण घेतली, घुटी केली, नातवाले चाटवली. अर्धा तास नाही झाला तर खोदकामाचा मुनशी कोतवालाले घेऊन दारात. म्हणे, टेबलावरून चांदीचं चौकोनी नाणं गेलं, लहानूले टेबलापाशी पाहिलं. घर उलथंपालथं केलं. ज्वारीची कोठी उपसली, चुलीतली राख चाळली. नाणं तुझ्या बापाच्या दुपट्यात होतं, त्याच्या खाली, आणि दुपटं ओलं होतं. सरकारी माणूस तिथे हात घालत नाही.

दुसऱ्या दिवशी चावडीवर बोलावलं. तुझे आजोबा म्हणाले, नाणं घरचं आहे, मायचं आहे. सासू म्हणाली, माझ्या मायनं मले दिलं. पण माय तर पोराची बाजू घेणारच. मग गोविंदाले विचारलं, की बाबा तू सांग, तुमच्या घरी असं नाणं होतं का. तो म्हणाला, ‘मी तर कधी पाहिलं नाही.’

झालं. त्यांना कामावरून काढलं. नाणं सापडलं नाही म्हणून पोलिसात दिलं नाही एवढंच. पण पाणी भरायले गेलं की बायका घागरी जवळ ओढायच्या. महिनाभरात आम्ही नागपूरले आलो. निघताना सासूनं नाणं माझ्या पदराले बांधलं. म्हणाली, पोरांसाठी राहू दे. तुझे आजोबा इतवारीत धान्याच्या बाजारात हमालीले लागले, आणि गावात पुन्हा पाय ठेवला नाही. गोविंदाशी बोलणं नाही, लग्नात नाही, मयतात नाही.

आता समजलं? हजारो वर्षं जुन्या पांढरीतून कोणी बनावट नाणं खोदून काढत नाही. ते खोटं असेल तर घरचंच, कुठल्या जत्रेत सासूच्या मायनं घेतलेलं. मग तुझे आजोबा चोर नाही. तुझ्या सरांना म्हणा, त्यांचा कल आहे तसाच राहू द्यावा.

तुझी आजी
(अक्षर तेच. आज गुरुजींनी चहा अर्धाच प्यायला.)


पुणे
१८ मार्च २०२५

प्रिय आजी,

उत्तराला उशीर झाला. परीक्षा होती हे खरं, पण परीक्षा संपूनही आठ दिवस झाले.

नाणं खरं आहे.

मी चिंच-राखेचं सरांना सांगितलं. तू नको म्हणाली होतीस, पण त्यांनी थेट विचारलं आणि मला खोटं बोलता आलं नाही. ते हसले आणि म्हणाले, मग चमक सोडून देऊ. त्यांनी कडा भिंगाखाली पाहिल्या. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला सांधा दिसतो आणि अंगावर बारीक फोडांसारखे खड्डे असतात. ते नाहीत. मग त्यांनी जुन्या संग्रहांच्या छापील चित्रांमधून दोन आठवडे शोधलं आणि त्यांना याच ठशाचं दुसरं नाणं मिळालं. हत्तीच्या मागच्या पायापाशी ठशाला तडा गेला होता, ती बारीक रेघ दोन्ही नाण्यांवर आहे. पण त्या नाण्यावर ठसा डावीकडे सरकलाय, आपल्यावर उजवीकडे. म्हणजे आपलं त्याची नक्कल नाही. दोन्ही एकाच ठशाखाली, वेगवेगळ्या घावांनी पडलेली आहेत. सर इतके खूश झाले की त्यांनी मला चहा मागवला, आणि मी तो तसाच ठेवून उठले.

एकच गोष्ट त्यांना उलगडत नाही. चारांतला एक कोपरा सपाट घासलेला आहे. वजन कमी भरतं ते त्यामुळेच. ते म्हणतात, कोणा सोनाराने कस पाहायला घासला असेल.

अजून एक सांगायचंय. त्या खोदकामाचे जुने कागद पुण्यातच एका दप्तरखान्यात आहेत. मी चौकशी केली. अडुसष्ट सालच्या वह्या आहेत. मजुरांचे हजेरीपट, सापडलेल्या वस्तूंची नोंदवही, सगळं. अर्ज केला तर पाहायला मिळतं. मी अर्ज लिहून ठेवलाय, दिलेला नाही.

पाहू की नको? तू नको म्हणालीस तर मी नाणं परत आणून डब्यात ठेवीन आणि पुन्हा विषय काढणार नाही.

भावना


जरीपटका, नागपूर
२ एप्रिल २०२५

चि. भावनास,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. गुरुजी रोज येऊन विचारायचे, लिहायचं का, आणि मी म्हणायची, उद्या. ऊन चढून राहिलं, कूलरची खस अजून बदलली नाही, गुडघे बोलतात. कारणं पुष्कळ आहेत. आज त्यांनी पेन उघडूनच आणला, म्हणून बसली.

मागच्या पत्रात मी तुले एक गोष्ट सांगितली नाही. तू ती नात्यातली पोर म्हणून ऐक, शिकलेली म्हणून ऐकू नको.

मी नाणं खोटं निघू दे म्हणत होती ते गावासाठी नाही. गावात आता आमचं नाव घेणारं कोण उरलं. ते मी माझ्यासाठी मागत होती. मी त्यांना विचारलं नाही, वं. कधीच. मी त्यांना मुठीत नाणं घेऊन खोदकामावरून येताना पाहिलं होतं, या डोळ्यांनी. सासरी मी नवी, माझं लग्न होऊन दीड वर्ष, त्यातले पाच महिने माहेरी. घरात असं नाणं होतं की नाही, मले काय ठाऊक. नवरा म्हणतो होतं, सख्खा भाऊ म्हणतो नव्हतं. नागपूरले येताना रस्त्यात ते एकदा म्हणाले, ‘पारू, ते घरचं आहे.’ मी ‘हं’ म्हणाली. त्या ‘हं’मध्ये काय होतं ते त्यांना कळलं असावं, कारण पुन्हा त्यांनी ते काढलं नाही.

इतवारीत आल्यावर मी पेटीची किल्ली कमरेले बांधली. पेटीत काय होतं म्हणशील तर दोन लुगडी आणि एक आरसा. पण किल्ली बांधली, आणि दहा-अकरा वर्षांपूर्वी ते गेले तोवर सोडली नाही. दुकानाचा सेठ त्यांच्या भरवशावर गल्ला उघडा टाकून जेवायले जायचा. परका माणूस. आणि मी घरात किल्ली वाजवत फिरायची. त्यांनी सगळं पाहिलं. शेहेचाळीस वर्षांत एक शब्द नाही.

तर नाणं खरं आहे. म्हणजे पांढरीतलं आहे. म्हणजे त्यांनी उचललं. उचललं तर उचललं, लेकराच्या घुटीसाठी उचललं, विकायले नाही. एवढं मी त्यांच्यासमोर म्हणाली असती तर आमचे दिवस वेगळे गेले असते, असं आता वाटून राहिलं.

तो घासलेला कोपरा मात्र तुझ्या सरांना कळायचा नाही, त्यांनी कधी लेकरू सांभाळलेलं दिसत नाही. सोनार कुठला, तो तुझ्या बापानं चाटला. घुटी करताना वेखंड उगाळतात, हळकुंड उगाळतात, तसं चांदी-सोन्याचे दोन वेढे द्यायचे, लेकराच्या अंगी लागतं म्हणतात. तुझा बाप, तुझी आत्या, काका, तू, आणि गल्लीतली किती तरी. नाणं मी त्या एकाच कोपऱ्यानं उगाळत आली, कारण सासू तसंच उगाळायची. त्या संध्याकाळी तिनं नाणं घेतलं आणि न पाहता बोटांनी फिरवून तो गुळगुळीत कोपरा बरोबर खाली आणला. मले वाटलं, काय सवयीचा हात आहे.

वह्या पाहायच्या तर पाहा. एवढं उकरलं आहे तर बुडाशी काय आहे तेही दिसू दे. मले आता भीती नाही, नुसता थकवा आहे.

आजी


पुणे
२४ एप्रिल २०२५

आजी,

गुरुजी, हे पत्र पहिल्यांदा तुम्ही मनात वाचून घ्या, आणि मग आजीला पाणी देऊन वाचा.

तू लिहिलंस की त्या संध्याकाळी तुझ्या सासूबाईंनी गुळगुळीत कोपरा खाली आणला. ते वाचलं आणि मी त्याच दिवशी अर्ज दिला. त्याच दिवशी आणलेल्या नाण्याचा कोपरा आधीच गुळगुळीत कसा असेल?

नोंदवही मिळाली. प्रत्येक वस्तूला एक ओळ आहे. काय सापडलं, कोणत्या खड्ड्यात, किती खोलीवर, कोणी काढलं. मणी, बांगडीचे तुकडे, खापऱ्या, सगळ्यांचे खड्डे आणि खोली लिहिलेली आहे. एकाच ओळीत ते रकाने कोरे आहेत. तिथे लिहिलंय, ‘चौकोनी रुप्याचे नाणे, हत्ती व बैल. वजन २.२९. मजूर लहानू याने आणून दिले.’ खड्डा नाही, खोली नाही. कारण ते कुठल्याच खड्ड्यातून निघालं नव्हतं. त्याखाली दुसऱ्या हाताने, लाल शाईत, ‘चोरीस गेले. मजूर कमी केला.’

शेजारच्या पानावर नाण्याचं चित्र आहे. त्याची प्रत सोबत पाठवतेय. ती वाचावी लागत नाही, आजी, नुसती पाहा. चौकोनाचा खालचा उजवा कोपरा बघ. मुनशीने तो सपाट काढलाय आणि जिथे टोक असायला हवं होतं तिथे ठिपके दिलेत. बाजूला त्यानेच लिहिलंय, ‘कोपरा घासलेला, धातू उजळ.’

सुमंत सरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी चित्र भिंगाखाली धरलं. दोन हजार वर्षं मातीत पडलेलं नाणं वर येतं तेव्हा पूर्ण काळं असतं, ते म्हणाले. त्याचा एकच कोपरा उजळ असणं शक्य नाही. तो उजळ असेल तर कोणाच्या तरी हातात रोज असलेलं नाणं आहे ते. मुनशीने स्वतः पाहिलं, स्वतः लिहिलं, आणि तरी त्याला कळलं नाही.

तेव्हा ते २.२९ भरलं होतं. आज २.१७ भरतं. मधला फरक आम्ही सगळ्यांनी चाटला. पण त्याच्याही आधीची तूट आहे, ती आजोबांनी आणि त्यांच्या भावंडांनी चाटलेली.

नाणं घरचंच होतं, आजी. आजोबा ते दाखवायला घेऊन गेले होते आणि संध्याकाळी परत घेऊन आले.

भावना


जरीपटका, नागपूर
११ मे २०२५

चि. भावनास आजीचे आशीर्वाद.

पत्र गुरुजींनी पहिल्यांदा मनात वाचलं. तेव्हाच मी समजली, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तो स्वच्छच होता. मग त्यांनी मोठ्यानं वाचलं. पाणी मी प्यायली नाही, त्यांनी प्यायलं.

चित्र पाहिलं. ओळखलं. त्या ठिपक्यांवर बोट ठेवून बसली. तिसऱ्या दिवशी गुरुजींना म्हणाली, मले गावाले न्या. ते म्हणाले, एवढ्या उन्हात? मी म्हणाली, सत्तावन्न वर्षं थंडीची वाट पाहून राहिली होती.

बसनं पारशिवनी, तिथून आटो. गावात सिमेंटचा रस्ता झाला, पांढरीवर तारेचं कुंपण घातलं आहे. गोविंदाच्या घरी मले कोणी ओळखलं नाही. त्याच्या सुनेनं, दिपाली तिचं नाव, कोण पाहिजे म्हणून विचारलं. मी म्हणाली, मी त्याची वहिनी. आतून काठीचा आवाज आला.

म्हातारा झाला आहे फार. एका डोळ्यात मोतीबिंदू, हात थरथरतात. समोर बसला, पण माझ्याकडे पाहीना. मी भांडण घेऊन आली असं त्याले वाटलं असेल. मलेही वाटलं होतं, येताना बसमध्ये मी सगळं जुळवत होती, काय काय म्हणायचं ते. पण मी काहीच म्हणाली नाही. नुसता कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

त्यानं तो चांगल्या डोळ्याजवळ नेला. बराच वेळ पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात, लेकरानं म्हणावं तसं म्हणाला, ‘हे तर मायचं नाणं.’

आणि मग त्याले समजलं, तो काय म्हणाला ते.

सून चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. गुरुजी खिडकीबाहेर पाहू लागले. नंतर त्यानं सांगितलं, तुटक तुटक, मधे थांबून. त्या खड्ड्यांत महिनाभर म्हणण्यासारखं काही निघालं नव्हतं. खोदकामाचा मोठा साहेब रोज खापऱ्या धुवायचा आणि उदास व्हायचा. तुझ्या आजोबाले त्याची दया आली. सकाळी निघताना म्हणाले, ‘बिचारा नुसत्या खापऱ्या मोजते गा, त्याले आपल्या मायचं नाणं दाखवतो, खूश होईल.’ साहेब त्या दिवशी नागपूरले गेला होता. मुनशीनं नाणं ठेवून घेतलं, वजन केलं, वहीत चढवलं. संध्याकाळी तुझ्या आजोबांनी मागितलं तर देईना. म्हणे, वहीत चढलं ते सरकारचं झालं. घरी तीन महिन्यांचं लेकरू पहिल्यांदा आलेलं, माय घुटीसाठी वाट पाहून राहिलेली. त्यांनी टेबलावरून उचललं आणि घरी आले.

‘मग चावडीवर तुम्ही काहून तसं बोलले, भाऊजी?’ मी एवढंच विचारलं.

तो म्हणाला, चावडीत जायच्या आधी मुनशीनं त्याले बाजूले घेतलं होतं. नाणं घरचं म्हणशील तर तूही चोरीत सामील, दोघंही घरी बसा. घरात खाणारी आठ तोंडं. त्याले वाटलं, आज एवढं म्हणू, उद्या दादाची समजूत घालू. तो उद्या काही आला नाही. वय सतरा होतं त्याचं, भावना. तू तुझं सतरावं वर्ष आठव.

तो रडेल असं वाटलं होतं, पण रडला नाही. माझ्या रागाची वाट पाहत बसला. मीही पाहत होती, राग येईल म्हणून. आला नाही. मी म्हणाली, ‘भाऊजी, तुम्ही एकदा खोटं बोलले. मी ते शेहेचाळीस वर्षं रोज खरं धरलं. तुमचं काय घेऊन बसता.’

मग आम्ही चहा प्यायलो. थंड झाला होता.

नाण्याचं तू आणि तुझे सर ठरवा. त्यांना संग्रहालयात ठेवायचं असेल तर ठेवू दे, इथे आता घुटी कोणी देत नाही, डॉक्टर रागावतात. फक्त त्याच्यापाशी जी पाटी लावतील तिच्यावर राजाच्या नावाखाली लहानूच्या मायचं नावही लिहायले सांग. तिचं नाव सीताबाई होतं. कोणी विचारत नाही म्हणून सांगते. आणि ती लाल शाईची ओळ पुसता येत नसेल तर तिच्याखाली एक ओळ लिहिता येते का, ते विचार. अर्ज लागत असेल तर गुरुजी लिहून देतील, अंगठा मी देईन.

एक राहिलं. निघताना गोविंदा काठी टेकत फाटकापर्यंत आला. ऊन इतकं होतं की आटोवाला हॉर्न वाजवून राहिला होता. मी चढून बसली, तेव्हा त्यानं आटोचा दांडा धरला आणि विचारलं, ‘वहिनी, दादा माझ्याबद्दल कधी काही म्हणाला का?’

मी म्हणाली, नाही. त्यांनी तुमच्याबद्दल कधी काही म्हटलं नाही.

माझ्याबद्दलही नाही.

तुझी आजी
पार्वतीबाई
(अक्षर धम्मानंद गुरुजींचं)